खडी उठली नाही

खडीला घरात ठेवायचं की नाही, हे त्या रविवारी डोंगरावर ठरणार होतं.

आदल्या आठवड्यात तिने मास्तरच्या मनगटात दात घातले होते. भिंतीवरची पाल मारायला मास्तरने केरसुणी उगारली, तोच खडी खाटेखालून झेपावली आणि त्याच्या हाताला लटकली. पाल वाचली, मनगटाला टाके पडले. जमिनीवरचं रक्त पुसता पुसता चिमी नवऱ्याला म्हणत होती की तिला उगारलेलं काही सहन होत नाही, तुझ्यावर तिचा राग नाही. मास्तरचं म्हणणं साधं होतं. चिमीला चौथा महिना होता. आज मनगट आहे, उद्या पाळणा असेल.

खडी चिमीच्या थोरल्या भावाची कुत्री. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, म्हणून खडी. भाऊ दगडखाणीत सुरुंगवाला होता. कातळाला भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि दगड उडवायचा, हे त्याचं काम. या कामात त्याचा उजवा कान गेला होता आणि डावाही जाण्याच्या वाटेवर होता. उजवा कान आपण खाणीला हुंड्यात दिला, असं तो सांगे. खाणीच्या वस्तीत आईबापांच्या मागे उरलेल्या घरात तो, चिमी आणि लग्नानंतर तिथेच राहायला आलेला तिचा नवरा अशी तिघं राहत. नवरा खालच्या गावातल्या शाळेत मुलांना खेळ शिकवायचा. मेहुणा त्याला मास्तर म्हणे, म्हणून सगळी वस्ती मास्तर म्हणे. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. झोपेतही मुलांना रांगेत उभं करता का, असं मेहुण्याने एकदा विचारलं होतं.

मनगटाचं प्रकरण झाल्यावर भावाने वाद घातला नाही. रविवारी वर चला, म्हणाला. घरात कुत्रं कळत नाही, डोंगरावर कळतं. दर रविवारी तो आणि खडी वरच्या जुन्या खाणींपर्यंत जाऊन येत. यावेळी चौघांनी जायचं. परत आल्यावरही मास्तरचं मत तेच राहिलं, तर खडी दगड फोडण्याच्या यंत्रावरच्या रखवालदाराकडे जाईल. तो कुत्र्यांना साखळीवर ठेवतो, हे तिघांनाही माहीत होतं.

"तुम्ही म्हणाल ते, मास्तर," भाऊ म्हणाला. "पण सोडून मीच येईन. तुम्ही तिला हात लावायचा नाही."

सकाळी ते निघाले. भावाच्या हातात घणाचा जुना दांडा होता. चढावर तो काठीसारखा वापरायचा. खडी मोकळी होती. झाडी संपून कमरेएवढं गवत लागलं तशी ती पुढे गेली, आडवी वळली आणि तोंडात ससा घेऊन आली. ससा जिवंत होता. भावाने बोट वर केलं, तिने मान एकदा झटकली आणि सशाची तडफड थांबली. तिने तो त्याच्या बुटांपाशी ठेवला आणि मागे सरकून बसली.

भावाच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. बघितलंत, म्हणाला, सांगितल्याशिवाय मारत नाही. मास्तरने सशाच्या उघड्या डोळ्याकडे बघितलं आणि विचारलं, की सांगितल्यावर काय काय मारते? यावर चिमी हसली. भाऊ हसला नाही. त्याला बहुधा ऐकू आलं नसावं.

खडीला सांगितलेलं पाळायला लावणं सोपं गेलं नव्हतं. लहान असताना ती उडालेल्या दगडांमागे धावायची. धूर बसायच्या आत ती खाली उतरलेली असे आणि वरून धोंडे येतच असत. म्हणून भावाने तिला शिट्टी शिकवली. सुरुंगाआधी खाणीत एक लांब शिट्टी होते. ती झाली की खडीने असेल तिथे आडवं व्हायचं, हनुवटी जमिनीला टेकवायची आणि काहीही झालं तरी हलायचं नाही. सगळं निवलं की दोन आखूड शिट्ट्या होतात, त्यानंतरच उठायचं. मधे उठली की दांडा. शेपूट हलली तरी दांडा. ते दिवस चिमीला नीट आठवत होते, कारण त्या आवाजाने तिने खिडकी लावून घेतलेली असे. पण खडी जगली ती त्या शिकवणीमुळेच. तिच्याबरोबरची दोन पिल्लं दगडाखाली गेली.

मास्तरला यातलं काही माहीत नव्हतं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही लांब शिट्टीचा अर्थ कळत असल्याने तो कोणाला मुद्दाम सांगावा असं कोणाच्या मनात आलं नाही. सुरुंग उडायचे तेव्हा मास्तर शाळेत असायचा आणि रविवारी खाण बंद असायची.

जुन्या खाणींपाशी पोचल्यावर भाऊ नेहमीप्रमाणे कातळ बघायला वरच्या अंगाला गेला. तडा गेलेला दगड दिसला की त्याला राहवत नसे. दांड्याने ठोकून तो आत पोकळ आहे का बघायचा. एका कानाने ऐकायचं म्हणून गाल दगडाला लावायचा. चिमी खालच्या सपाटीवर एका धोंड्याला टेकून बसली. मास्तरने तिला पाणी दिलं आणि मनगटावरची पट्टी सैल करायला घेतली. खडी त्या दोघांपाशीच राहिली. चिमी दिवसभर दमली की ती तिच्यापाशीच राहायची.

झुडपातून आधी पिल्लं बाहेर आली, तपकिरी, अंगावर पट्टे असलेली. मास्तर कौतुकाने म्हणाला, अगं बघ. चिमी ताडकन उठून उभी राहिली, कारण पिल्लं दिसली म्हणजे आई आहे, हे डोंगरावर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

रानडुकरीण आवाज न करता आली. मास्तरने चिमीला दोन्ही हातांनी उचलून धोंड्यावर ढकललं आणि वळला तोवर डुकरिणीने त्याचे पाय खालून उडवले. तो पाठीवर पडला. ती पुन्हा वळली, तेव्हा खडी तिच्या कानाला लटकली होती.

चिमीने वरून सगळं पाहिलं. खडीने कान धरला आणि चारही पाय रोवून मागे ओढलं. डुकरीण तिच्या दुप्पट होती. तिने खडीला फरफटत नेलं, धोंड्यावर आपटलं, पण खडीने कान सोडला नाही. कान फाटला. खडीने नाकाच्या वरची कातडी धरली. डुकरिणीचं तोंड खाली दाबलं गेलं आणि ती किंचाळायला लागली. मास्तर कोपरांवर मागे सरकत होता. उठून धोंड्यावर चढायला त्याला वेळ होता.

त्याला मदत हवी होती आणि मेहुणा वर कुठेतरी होता. मास्तरने शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास तिच्यात फुंकला.

खडीने तोंड उघडलं. ती डुकरिणीपासून बाजूला झाली, आडवी झाली आणि तिने हनुवटी जमिनीला टेकवली.

"दोनदा," चिमी ओरडली. "अरे, दोनदा वाजव. आखूड."

मास्तरने तिच्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याने पुन्हा एकदा लांब शिट्टी वाजवली. तेवढ्यात डुकरीण त्याच्यावर आली. तिने मांडीत तोंड घातलं आणि वरच्या दिशेने झटका दिला. कापड आणि मांस एकदमच फाटलं. तिने तेच पुन्हा केलं. मग पिल्लं पळाली त्या दिशेला ती निघून गेली. हे सगळं एखादी बादली उपडी करायला लागतो तेवढ्या वेळात झालं.

चिमी खाली उतरली. मांडीतून रक्त उसळून येत होतं. तिने ओढणी खुपसली आणि दोन्ही तळहातांनी, मग गुडघ्यानेही दाबून धरली. दाब सैल केला की ओढणी वर उचलली जात होती. ती भावाला हाका मारत राहिली.

भावाने शिट्टी ऐकली नव्हती. त्याने खालून पळत जाणारी डुकरीण पाहिली आणि तो उताराने घसरत आला. त्याला दिसलं ते असं : रक्तात पडलेला मास्तर, त्याच्यावर ओणवी झालेली गरोदर बहीण आणि हाकेच्या अंतरावर पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून आरामात पडलेली त्याची कुत्री. जिच्या भरवशावर तो सगळ्यांना वर घेऊन आला होता ती.

तो बहिणीकडे न जाता कुत्रीकडे गेला आणि त्याने दांडा उचलला.

पहिला घाव पाठीवर बसला. चिमी ओरडली की तिला मारू नको, शिट्टी वाजली होती. ती त्याच्या उजव्या अंगाला होती. दुसरा घाव बरगड्यांवर बसला. तो काहीतरी बोलत होता, स्वतःशी बोलतो तसं, खालच्या आवाजात, आणि प्रत्येक घावाला थोडा थांबत होता, सुरुंगाची भोकं ठोकताना थांबतात तसा. खडी ओरडली नाही. तिने डोळे मिटले आणि पोट जमिनीला आणखी चिकटवलं. दांडा पडला म्हणजे आपण हललो, हे तिला तो स्वतःच शिकवून बसला होता. त्यामुळे तो मारेल तसतशी ती अधिकाधिक निश्चल होत गेली आणि ती निश्चल आहे हे बघून तो अधिक मारत गेला. तिसऱ्या की चौथ्या घावाला मागच्या पायाच्या खुब्यात काहीतरी मोडल्याचा आवाज चिमीपर्यंत आला.

तिला उठून त्याचा हात धरता येत नव्हता. हात काढला तर नवरा जाणार होता. नवऱ्याचे ओठ पांढरे पडले होते आणि शिट्टी त्याच्या हनुवटीखाली दोरीवर लोंबत होती. चिमी वाकली, तिने दातांनी शिट्टी उचलली, तिच्यातलं रक्त थुंकलं आणि दोन आखूड शिट्ट्या वाजवल्या.

खडी उठली. पुढच्या दोन पायांवर उभी राहिली, मागचा एक टेकवला, दुसरा तसाच लोंबत राहिला.

भावाने उगारलेला दांडा वरच थांबला. त्याने काही ऐकलं नव्हतं. पण कुत्री उठलेली त्याला दिसली. मग त्याने मान वळवली आणि बहिणीच्या दातांत शिट्टी दिसली. त्याने दांडा खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून चिमीला कळलं की आता काही सांगावं लागणार नाही.

त्यानंतर त्याने जे करायचं ते सगळं नीट केलं. दांडा आणि कुत्रीच्या पट्ट्याने मांडीला पिळा दिला, रक्त थांबलं. मास्तरला पाठीवर घेतलं आणि पूर्ण उतार कुठेही न टेकता उतरला. डॉक्टर म्हणाले, पिळा कसलेल्या हाताचा होता, नाहीतर पाय काय, माणूसच गेला असता. खडी चिमीच्या मागे तीन पायांवर आली. गुरांच्या डॉक्टरने तिचा खुबा बघून मान हलवली. पाय राहील, पण शोभेला, म्हणाला.

मास्तर कुबडी घेऊन घरी आला तेव्हा खडीच्या प्रश्नाचा निकाल त्याने दारातच दिला. तिने कान कसा धरला होता ते आपण जमिनीवरून पाहिलंय, त्यामुळे ती इथेच राहील. आणि मेहुण्याकडे वळून म्हणाला, "शिट्टी मी वाजवली, दादा. फाऊल माझा."

भावाने मान डोलावली. पण घरातला प्रश्न आता तो उरला नव्हता. तो घरात पाऊल टाकायचा आणि खडी आडवी व्हायची. शिट्टी नाही, दांडा नाही, नुसती त्याच्या बुटांची चाहूल. असेल तिथे, उंबऱ्यात, पाण्याच्या भांड्यात तोंड असताना, ती हनुवटी टेकवायची आणि डोळे मिटायची. तो तिथे असेपर्यंत खात नसे, मुतायला उठत नसे. सुट्टीच्या दिवशी तो घरी बसला तर तिच्याखाली ओल साठायची. त्याने तिला गोंजारून पाहिलं. हाताखाली ती दगडासारखी लागली. दोन आखूड शिट्ट्या वाजवून पाहिल्या. ती उठली, आणि त्याने पाऊल उचलताच पुन्हा पडली.

एका दुपारी चिमी फडकं घेऊन खाली बसली होती. तिला आता वाकणं जड जात होतं. भावाने फडकं मागितलं. तिने दिलं नाही.

"मला ऐकू नाही आलं, चिमे," तो म्हणाला. हे तो तिला पहिल्यांदाच म्हणत होता.

"माहीत आहे मला," ती त्याच्या डाव्या अंगाला येऊन म्हणाली. "पण मी हाका मारत होते, आणि तू आधी तिच्याकडे गेलास. उद्या घरात पोर असेल, दादा. ते रडेल, चुकेल, सांगितलेलं ऐकणार नाही. तू दुसरीकडे जागा बघ."

मास्तर आतून म्हणाला, अगं असं काय, घर त्याचंही आहे. भाऊ म्हणाला, तिला बोलू द्या. ती रडत होती आणि फरशी पुसत होती.

वजनकाट्यामागे खाणीची एक रिकामी खोली होती, ती त्याने घेतली. तो घरी येतो, पण अंगणाच्या फाटकाबाहेरून बोलतो आणि बोलणं खालच्या आवाजात ठेवतो. रविवारी चिमी आणि मास्तर खडीला घेऊन निघतात. मास्तर लंगडतो, खडी लंगडते आणि चिमी पोटाला हात लावून चालते, त्यामुळे पहिल्या वळणापलीकडे कोणी जात नाही. त्याआधी भाऊ एकटाच वर जाऊन आलेला असतो. डुकरं उतरली असतील तर तो खाणीच्या कडेवर उभा राहून दोन्ही हात आडवे हलवतो आणि ती तिघं मागे फिरतात. हाक मारत नाही. हाक मारली तर खडी वाटेतच आडवी होईल.