घेण्यास नकार

मी नोटीस बोलतेय. दचकू नका हो, माझंच काळीज धडधडतंय. माणसांचं मला नवल वाटतं. शेजाऱ्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा उलटीपालटी करून वाचतील आणि मी आले की तोंड फिरवतील.

माझा जन्म लातुरात, कोर्टासमोरच्या टायपिंगच्या टेबलावर झाला. शेजारी घरमालक संगप्पा बसले होते. क्लासेस त्यांच्या गल्लीपर्यंत येऊन ठेपले होते. दोन खोल्यांत आठ कॉट टाकल्या की हॉस्टेल होतंय, हे त्यांनी वकिलाला तीनदा सांगितलं. त्या खोल्यांत हाजराबी आणि तिचा नवरा चांदपाशा राहतात. भूकंपानंतर किल्लारीकडून आले, ते इथलेच झाले. क्लासच्या पोरांना डबे देऊन हाजराबी घर चालवते. खोल्या गेल्या तर डबेही गेले.

संगप्पांनी भाडं एकदम तिप्पट मागितलं. हाजराबी जुनंच घेऊन आली, तर घेतलं नाही. वकील मात्र खरं तेच बोलला. कायद्यानं वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढ मागता येत नाही, म्हणाला. पण थकलेल्या भाड्याची नोटीस पोचल्यावर नव्वद दिवसांत भाडेकरूंनी कायद्याचं भाडं भरलं नाही, तर खोल्या रिकाम्या करायचा दावा लावता येतो. मालकानं हातात घेतलं नाही तर त्यांनी पोस्टातून मनीऑर्डर करावी, एवढंच. ते ऐकून मला हायसं वाटलं. म्हटलं, मी पोचले की हाजराबी कुणाकडून तरी वाचून घेईल आणि सुटेल बाई.

रजिस्टर पाकिटातून मी गेले. दारात चांदपाशा होता. पोस्टमननं सहीसाठी कागद पुढे केला, तसा त्यानं हात मागे घेतला. भूकंपानंतर नव्या वसाहतीत घर मिळायचं होतं, तेव्हा त्यानं न वाचता एका कागदावर सही केली आणि ते घर चुलतभावाच्या नावावर गेलं. तेव्हापासून कशावरच सही करायची नाही, हा त्याचा नेम.

"न्हाई घेत भाऊ," तो म्हणाला. "घेतलीच न्हाई तर लागू कशी होईल?"

अहो, होते ना! पोस्टमननं माझ्या पाठीवर 'घेण्यास नकार' लिहिलं आणि मी संगप्पांच्या दुकानात परत आले. हाजराबीला पत्ताच नाही. नकार दिला म्हणजे मिळाल्यासारखीच, असं वकिलानं सांगितलं. आता मला कोर्टातच फोडायची म्हणे. तेव्हापासून काउंटरच्या काचेखाली पालथी पडून मी दिवस मोजतेय. जीव नुसता टांगणीला लागलाय.

आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस. सकाळी हाजराबी आली. पदराच्या गाठीतून नोटा काढून तिनं बरोबर माझ्यावरच, काचेवर ठेवल्या.

"मालक, थकलेलं सगळं हाय. घ्या की आता."

संगप्पांनी नोटा हळूच तिच्याकडे सरकवल्या. "राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू."

तिचा चेहरा खुलला. मालकाचा राग निवळला, असं वाटलं बिचारीला. दुपारचे डबे भरायचे होते, म्हणून ती लगबगीनं निघाली.

पुढचा महिना कुठला गं? परवा नव्वद भरतात!

तुमच्या दारी माझी एखादी बहीण आली, तर पाया पडते, तिला आत घ्या, फोडा, वाचा. आम्ही वाईट बातमी आणतो, कबूल. पण किती दिवस हातात आहेत, हेही आमच्याच पोटात लिहिलेलं असतं.

हाजराबी पायऱ्या उतरतेय. पोस्ट चौकातच आहे, उघडंही आहे. तिच्या मुठीत पैसे आहेत आणि ती घराकडे वळतेय.