सरसूबाची पातेली

बरसीम गवताचा भारा गाढवावरून उतरवायच्या आधीच शफीकाला शिजणाऱ्या चिकाचा वास आला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शेतावर निघाली तेव्हा गाय नुसती अस्वस्थ होती. तेवढ्यात व्याली, पिळूनही झाली, आणि चूल पेटलीसुद्धा!

गोठ्यात कालवड ओल्या पेंढ्यावर थरथरत पडली होती. गाय दुसऱ्या टोकाला आखूड बांधलेली. गायीची वार पडल्याशिवाय वासराला सडाला लावायचं नाही, हा शफीकाच्या सासूचा, उम्म रिझ्कचा, कायदा. माणसांना मात्र वारेची वाट बघायची गरज नाही. त्यांनी खुशाल चिकाचा सरसूब शिजवावा, गल्लीत वाटावा.

गेल्या वर्षीची कालवड अशीच उपाशी राहिली आणि हगवणीने गेली. सासूने खापर शेजारणीच्या नजरेवर फोडलं, दाराला निळे मणी टांगले. पण पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासराच्या अंगात रोगाशी झगडायला काही उरत नाही, हे जनावरांच्या डॉक्टरीणबाई दारात उभं राहून सांगून गेल्या होत्या. सासूने ते ऐकलं होतं. ऐकून चहा दिला होता.

"आई, हिला पाजलंत?"

"अगं, वार कुठे पडलीय? आणि सरसूब वाटला नाही तर लोकांना काय तोंड दाखवू?"

"लोकांना दात आहेत, त्यांना काहीही खाऊ दे! हिने काय खायचं? तुमची अब्रू?"

"शफीका, हळू बोल," तिचा नवरा रिझ्क कानकोंडा होऊन म्हणाला. "आत बायका बसल्यात."

"बसल्यात ना? बरं झालं."

तिने कालवड उचलली, तशीच चिकट, आणि आत नेऊन परातीशेजारी चटईवर ठेवली.

"हिच्या वाटणीचं खाताय. निदान हिचं तोंड तरी बघा."

चमचे थांबले. एक जण नजर लागू नये म्हणून सवयीने 'माशाल्ला' म्हणाली आणि ओशाळली. कालवडीने मान लांबवली, मागोमाग आलेल्या सासूची बोटं तोंडात धरली आणि चोखायला लागली. उम्म रिझ्कला हात सोडवून घेता येईना.

"पातेलीतला कोमट करून पाजू का गं?" ती हळूच म्हणाली.

"शिजवलात ना! ताकद जळाली, आता त्यात नुसती चव उरलीय."

म्हातारी उठली. बादली घेऊन गायीखाली बसली, आणि ज्या हातांनी सकाळी कास पिळून काढली होती त्याच हातांनी परत पिळू लागली. बुडाला जेमतेम वाटीभर पिवळं साचलं. शफीकाने ते बाटलीत भरून कालवडीच्या तोंडाला लावलं.

"उद्या सकाळी भरपूर येईल," सासू म्हणाली.

"दूध येईल," शफीका म्हणाली. "पहिला चीक नाही येणार."