गोठ्यातले आठ दिवस

वडिलांचं, अण्णांचं, तेरावं आटोपलं, पंगती उठल्या आणि शिवकन्या पिशवी भरायला बसली. संध्याकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला परतायचं होतं. तिथल्या वाचनालयात ती ग्रंथपाल होती. रजा संपली होती.

तेवढ्यात शेजारचा म्हाळू आला. अण्णा गेल्यापासून त्यांच्या पाच गाई तोच राखत होता.

"ताई, आज गाई अण्णाच्या कुरणात सोडल्या बगा. तेरावं हाय, म्हणलं मालकाच्या गवतात तोंड घालू द्यावं."

"इतके दिवस कुठं चरल्या?"

"रुळाच्या कडंनं. वेड्या बाभळीच्या शेंगा लई पडल्यात. गूळ खाल्ल्यावाणी खात्यात."

शिवकन्या ताडकन उठली.

घाटनांदूरच्या माळावरचं ते चार एकर कुरण सहा वर्षांपूर्वी वेड्या बाभळीनं गच्च भरलं होतं. वरून तोडली की ती चौपट फुटते, म्हणून अण्णांनी एकेक झाड बुडख्यासकट खणून काढलं. शेंगा खाल्लेल्या गाईला ते कुरणात सोडण्याआधी आठ दिवस गोठ्यात कडब्यावर बांधत. शेंगेतलं बी पोटातून अख्खं बाहेर पडतं आणि शेणात सुखानं रुजतं. हे सगळं अण्णा फोनवर सांगत, आणि ती पुस्तकाचं पान उलटत "हं, हं" करी.

तिनं घमेलं उचललं.

"आवो, कोऱ्या साडीत?" म्हाळू मागोमाग निघाला. "अण्णा बी असंच घमेलं घिऊन गाईमागं फिरायचे. गाव हसायचं."

"तू पण?"

"मी तर सगळ्यात म्होरं असायचो." मग त्यानंही एक घमेलं घेतलं.

गाई आधी गोठ्यात नेऊन बांधल्या. मग दोघांनी शेण वेचत कुरण पावलापावलानं पालथं घातलं. शिवकन्येनं काडीनं शेणाचा एक पो फोडला. आत तपकिरी, गुळगुळीत बिया होत्या. ऊन कललं तेव्हा बांधाजवळ तिला वेड्या बाभळीचं उरलेलं शेवटचं झाड दिसलं. बुडखा निम्मा उघडा, आणि खड्ड्यात अण्णांची कुदळ तशीच पडलेली.

"ताई, तुमची गाडी?"

"गेली असेल."

तिनं वाचनालयात फोन करून आणखी आठ दिवस मागितले.

गोळा केलेल्या शेणाच्या तिनं गोवऱ्या थापल्या. चुलीत जळल्या की बीही जळणार. गोठ्यातलं शेणही रोज तसंच थापायचं. उन्हं चढेपर्यंत ती कुदळ चालवी. हाताला फोड आले. चौथ्या दिवशी बुडखा हलला, सहाव्या दिवशी निघाला.

आठव्या दिवशी सकाळी तिनं पाचही गाईंचं ताजं शेण काडीनं फोडून पाहिलं. दोनदा पाहिलं. एकही बी नव्हतं.

"सोड," ती म्हणाली.

गाई गवतात शिरल्या. म्हाळूनं फाटक लावून घेतलं.

"आन् पुन्हा रुळाकडं गेल्या तर?"

"आठ दिवस गोठ्यात."

"बरं." त्यानं घमेलं काखेला मारलं. "आता गाव मला हसू दे."