चाळीस मतं, चाळीस घागरी

बोरवाडीच्या ग्रुपात एकशे बारा नंबर होते. नंबर म्हणायचं, माणसं म्हणायचं नाही. कर्नाटकाचा टॉवर गच्चीवर लागतो आणि महाराष्ट्राचा शेतात, त्यामुळं इथं एकेका खिशात दोन सिमं असतात, आणि जितकी सिमं तितकी व्हॉट्सॲपं. शिवाय पुण्या-हैदराबादला गेलेली पोरं ग्रुपात होतीच. गाव सोडलं तरी ग्रुप कोण सोडतंय?

शोभाबाईकडं मात्र बटणाचा फोन होता. तो वाजायचा, एवढंच त्याला यायचं.

म्हणून खालच्या गल्लीच्या नळावर पिंकीनं ग्रुपातला पोल वाचून दाखवला तेव्हा शोभाबाईची घागर भरून वाहत होती तरी तिला कळलं नाही. पिंकी शेजारची पोरगी, औरादला कॉलेजात जायची. ती वाचत होती, "नळाला पाणी कधी सोडावं? एक: सकाळी दहा वाजता, माता-भगिनींना आराम. दोन: पहाटे साडेपाच, जुनीच गैरसोय."

"हे कुणी लिहिलंय?"

"धनराजदादानं. तोच ॲडमिन हाय न्हवं."

धनराज म्हणजे पंचायत मेंबर हणमंतरावांचा थोरला. त्यांचं घर टेकाडाच्या माथ्यावर. पहाटे खालच्या गल्लीत नळ वाहता असला की वर त्यांच्या टाकीत थेंब चढत नाही. दहा वाजता खालची गल्ली शेतात गेलेली असते, तेव्हा चढेल. एवढी सोपी गोष्ट होती. पण पोलात टाकीचं नाव कुठं नव्हतं, माता-भगिनी होत्या.

आणि शोभाबाई नावाच्या मातेचा हिशोब असा: खुरपणीच्या बायकांची ऑटो चौकातून सातला निघते. दहाला पाणी आलं तर एक तर पाणी, नाही तर रोजगार.

"आतापर्यंत किती झाले?"

"दहाला एकेचाळीस. साडेपाचला नऊ."

"अगं, एकेचाळीस माणसं नळावर मावतील तरी का? नावं दिसत्यात का त्यात?"

नावं दिसत होती. पिंकीनं बोटांवर मोजली. पुण्या-हैदराबादचे सव्वीस, वरच्या गल्लीचे आठ, आणि हणमंतरावांच्या एका घरातून सात.

"घरात तर चौघंच हाईत."

"सिमं सात हाईत, काकू." मग पिंकी जरा घुटमळली. "त्या सव्वीसात आपला विलास बी हाय."

विलास म्हणजे शोभाबाईचा लेक, पुण्यात कंपनीत. तिनं तिथंच, ओल्या हातानं फोन लावला.

"कामून रे, दहा दाबलास?"

"आई, तुला झोप मिळावी म्हणून दाबलं! पहाटं उठून मरायलीस तू."

"व्हय बाबा. अन् मला रोजगार मिळावा म्हणून कुठं दाबायचं असतंय?"

"तसा पर्यायच नव्हता गं. थांब, बदलतो."

"बदल. एकेचाळीसचे चाळीस व्हतेल. तेवढेच आईचे उपकार फिटतेल."

आता एक गोष्ट ग्रुपाच्या बाजूनंही सांगायला पाहिजे. मागच्या भंडाऱ्याला बुंदी करायची का जिलेबी, हे याच ग्रुपानं ठरवलं होतं आणि कुणाची तक्रार आली नव्हती. पुण्याची पोरंही जेवायला आली होती. ज्यांनी दाबलं त्यांनीच खाल्लं. शोभाबाईनंही दोन वेळा बुंदी घेतली होती.

पाणी सोडणारा वीरण्णा तिला म्हणाला, "अक्का, माझ्या हातात चावी हाय, मत न्हाई. ग्रुपात ठरलं की सोमवारपासून दहा."

मग ती टेकाड चढून ओट्यावर बसलेल्या हणमंतरावांकडं गेली. शेजारी धनराज दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसला होता.

"अप्पा, चार वर्षांमागं नळावर झिंज्या धरायची पाळी आली, तवा तुमीच निवाडा केलाव. काय केलाव, आठवतंय का?"

आठवत नाही कसं! तो निवाडा हणमंतराव लग्नात सुद्धा सांगायचे. "रांगेत घागर म्हंजे माणूस. ज्यानं ठेवली त्यानं भरायची, अन् आपल्या डोक्यावरनं उंबऱ्यापर्यंत न्यायची. न्हाईतर घागर रांगेबाहेर."

"तर मग पाण्याचा निकाल घागरीवर होऊ द्या. उद्या साडेपाचवाल्यांनी नळाच्या डाव्या अंगाला ठेवायची, दहावाल्यांनी उजव्या. तुमचाच कायदा हाय."

स्वतःचाच निवाडा भर ओट्यावर कोण खोडणार? शिवाय धनराज हसत होता. "होऊ द्या, अप्पा. काकूला घागरी मोजायची हौस दिसायलीय."

दुसऱ्या दिवशी पहाटे डाव्या अंगाला एकतीस घागरी होत्या, कुणाची पोचलेली, कुणाची भोक पडून झाळलेली. उजव्या अंगाला चाळीस! साऱ्या एका मापाच्या, चकचकीत. नळाला लागून देऊळ, देवळात भंडाऱ्याच्या भांड्यांची खोली, आणि खोलीची किल्ली हणमंतरावांकडं.

"चाळीस मतं, चाळीस घागरी," धनराज म्हणाला. "एक बी जास्त न्हाई, काकू. आपला कारभार चोख."

बायका शोभाबाईकडं बघायला लागल्या. तिनं रस्त्याकडं बघितलं. ऑटोला दीड तास होता.

"वीरण्णा, सोड पाणी. आधी उजवं अंग भरू द्या. आमी थांबताव."

"आधी आमचं? कामून?"

"तुमी जास्त हाव न्हवं! ठेवल्याव, तर भरा. अन् डोक्यावरनं उंबऱ्यापर्यंत."

"अगं, हे दहाचे मतदार हाईत," मागून कुणीतरी म्हणालं, "साडेपाचला कसे उठले म्हणते मी!" आणि नळावर हशा पिकला.

तिथं उभ्या हणमंतरावांनी लेकाला घागरींकडं बोट दाखवलं. निवाडा त्यांचा होता. धनराजनं पहिली घागर जोरात उचलली. दुसरीला शर्ट भिजला. तिसरीला चढावर मध्येच टेकला. चौथी उंबऱ्यावर ठेवून तो खाली आला तेव्हा त्याची मान एका बाजूला राहिली होती, आणि उरलेल्या छत्तीस घागरी देवळातल्यासारख्याच शांत बसल्या होत्या.

"पुण्याला फोन लावू का?" शोभाबाईनं विचारलं. "पंचवीस जण हाईत की उचलायला."

धनराज देवळाच्या पायरीवर बसला. हणमंतरावांनी डाव्या अंगाकडं बघितलं, मग उजव्या, आणि घसा साफ केला. "छत्तीस रांगेबाहेर. एकतीसला चार. वीरण्णा, साडेपाचच राहू दे."

शोभाबाईला सातची ऑटो मिळाली.

त्याच संध्याकाळी ग्रुपात नवा पोल आला: घागरीनं केलेलं मतदान ग्राह्य धरावं का? पिंकीनं तो दुसऱ्या दिवशी पावणेसहाला, नळावर, रांगेतच वाचून दाखवला. "नको म्हणणारे अडतीस, काकू."

शोभाबाईनं भरलेली घागर बाजूला घेतली आणि रांगेवरनं नजर फिरवली.

"त्यातलं हितं कुणी हाय का?"

"न्हाई."

"मग बघत काय बसलीस? लाव तुझी घागर, पाणी वाया जायलंय."