पिवळ्या विहिरीचं खमीर

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. मडक्यात शिंदी फसफसते, परातीतलं पीठ फुगून काठाबाहेर येतं, तेव्हा आत जी कुजबुज चालते ती माझीच. मी खमीर. शिकलेले लोक मला यीस्ट म्हणतात. नुसत्या डोळ्यांना मी दिसत नाही आणि एकटा असा कधीच नसतो. अंगाला कोंब फुटतो, तो सुटा होतो, तोही मीच. त्यामुळे माझ्या घरात वाटणीची भांडणं होत नाहीत.

मी देगलूरकडचा. मलप्पाच्या शिंदीच्या मडक्यात माझं सगळं बालपण गेलं. एके सकाळी नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सौदामिनीबाई त्याच्या झोपडीपुढं येऊन उभ्या राहिल्या, तसा मलप्पा गडबडलाच.

"बाई, तुमी शिंदी घेनार?"

"शिंदी नको. तळाचा गाळ द्या."

"गाळ? त्यो तर म्हशीला घालतो आमी. लई आवडीनं खाती." मलप्पा हसला आणि त्यानं बरणीभर गाळ फुकट दिला. असा मी एस.टी.त बसून शिक्षणाला निघालो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. नवा जिल्हा म्हणून नवे कारखाने आले. त्यातला एक सायकलींच्या हँडलना चकाकी द्यायचा. चकाकी हँडलला मिळायची आणि उरलेलं पिवळं पाणी ओढ्यात जायचं. ओढ्याच्या काठावर पंचफुलाबाईंची वस्ती. छप्पन्न साली धर्म बदलला, पण गावच्या विहिरीवरची वागणूक बदलली नाही. म्हणून बहात्तरच्या दुष्काळात वस्तीनं स्वतःच्या घामानं स्वतःची विहीर खोदली. आता पुन्हा दुष्काळ पडला होता, गावोगावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. वस्तीच्या विहिरीला पाणी होतं, पण ते पिवळं. त्यात क्रोम नावाचा जड धातू उतरला होता. हातापायांना फोड यायचे, पोटं बिघडायची. बाई कॉलेजचं शिबिर घेऊन वस्तीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि त्यांना स्वस्थ बसवेना.

त्यांची युक्ती साधी होती. माझ्या अंगाची सालच अशी, की धातूचा कण जवळून गेला की चिकटलाच. साखर कारखान्याच्या मळीवर मला पिंपभर वाढवायचं, विहिरीचं पाणी शेंदून हौदात घ्यायचं, त्यात मला ढवळायचं. मी धातू कवटाळून तळाशी बसायचं, वरचं पाणी निवळ.

पण वस्ती घाबरली. पंचफुलाबाईंनी तोंडावरच विचारलं, "बाई, आमच्या पान्यात काय कालवून राहिला तुमी? पोरंबाळं हायेत आमची."

बाईंनी सगळ्यांसमोर पिंपातलं चिमूटभर खमीर उचललं आणि खाऊन दाखवलं. "हे खमीर आहे, पंचफुलाबाई. पाव यानंच फुगतो. यात विष नसतं."

लोक हसले, विश्वास बसला. त्या चिमटीत मीही होतो आणि मला कोण अभिमान वाटला! खरी गोष्ट अशी, की बाईंनी मला धातू खाण्याआधीचा खाल्ला होता. धातू खाल्लेला मी वेगळा, हे त्यांनी नंतर सांगितलं. पण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस जितकं धरून ठेवतं, तितकं कानांनी ऐकलेलं नाही.

पाणी निवळू लागलं. बाई म्हणाल्या, अजून प्यायचं नाही, वापरायला घ्या. पंचफुलाबाईंनी पहिली घागर भरली ती ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. "हीर वाचली," एवढंच त्या म्हणाल्या.

तळाचा गाळ पुरायला विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा खणला. त्याला सिमेंटचा गिलावा हवा होता. जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणे नव्या जिल्ह्याकडे जा, नवी म्हणे कागद जुन्याकडून आणा. खड्डा कच्चाच राहिला, गाळ पोत्यांवर वाळत पडला आणि परीक्षा आल्या म्हणून बाई नांदेडला गेल्या. "गाळाला हात लावू नका," असं जाताना बजावून गेल्या. लोकांना वाटलं, बाईंना तो मोजायला लागत असेल.

कडबा संपला. पंचफुलाबाईंची म्हैस दावणीला बसून राहिली, उठेना. पोत्यावरच्या माझ्या अंगाला मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता. गाळ म्हशीला घालायचा, हे आमच्या भागात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

"बाईनंच खाल्लं की ते," स्वतःशीच म्हणत पंचफुलाबाईंनी पाटी भरली.

ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. मला फक्त फसफसता येतं, आणि वाळल्यावर तेही नाही. म्हैस मिटक्या मारत होती. चार दिवसांत ती गेली.

मेलेलं ढोर ओढायचं नाही, हे वस्तीनं छप्पन्न सालीच ठरवलेलं. लांब न्यायला गाडी नव्हती. तयार खड्डा तेवढा एकच होता. म्हैस त्यात गेली, तिच्यावर पोत्यांवरचा उरलेला गाळ आणि वर माती. बाई परत आल्या तेव्हा पिंपं पालथी पडली होती. पंचफुलाबाईंनी बोटानं खड्डा दाखवला आणि त्या घरात गेल्या. बाई खड्ड्यापाशी बसून रडल्या. नंतर त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पण म्हैस मेल्याची बातमी त्यांच्याआधी तिथं पोचलेली होती.

कारखाना चालू आहे. पंचफुलाबाई आता गावच्या विहिरीवर घागर घेऊन बाजूला उभ्या राहतात. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओततो.

मी खड्ड्यात आहे. कुजत चाललोय. जिवंत होतो, वाळून कोरडा होतो, तोवर धातूवरची माझी पकड घट्ट होती. आता अंग सुटतंय. माती कोरडी आहे, म्हणून तेवढा सगळा धातू अजून इथंच, विहिरीच्या वरच्या अंगाला, पाण्याची वाट बघत थांबून आहे.

काल परतताना पंचफुलाबाई इथं टेकल्या. आभाळाकडं बघत म्हणाल्या, "आता तरी पड रं बाबा. पानी आलं की धुऊन निघंल समदं. हीर पुन्हा आमची व्हईल."

त्यांच्या पायाखाली मी होतो. आख्खा मराठवाडा पाऊस मागतोय, आणि मी एकटा म्हणतोय, नको, एवढ्यात नको.