पाहणीच्या दिवसाचं सोल्यूशन

सोल चिकटवायच्या टेबलावर त्या सकाळी वेगळेच डबे आले. आतलं सोल्यूशन दुधासारखं पांढरं होतं, आणि त्याला वास नव्हता.

"रोज हेच दिलं तर काय बिघडतं यांचं?" वहिनी म्हणाली. तिला पाचवा महिना होता. रोजच्या सोल्यूशनच्या वासाने तिचं डोकं भणभणायचं, खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. दुसरं टेबल मागून झालं होतं, मिळालं नव्हतं.

"रोज पाहणी असते का?" शेजारच्या टेबलावर बुटांत लेस ओवणारी नणंद म्हणाली. "मागच्या पाहणीला संडासात साबण आला होता. पाहुण्यांच्या मागोमाग तोही गेला."

"आज पाहणीला येणाऱ्या त्या कंपनीच्या बाईंना मी सांगणार आहे."

"गप्प बस गं वहिनी. दादा घरी बसलाय. ऑर्डर गेली तर आपणही त्याच्या शेजारी."

सुपरवायझरला सगळे घाईसाहेब म्हणत. ते तेवढ्यात आलेच. "विचारलं तर सांगायचं, नेहमी हेच वापरतो. नाहीतर बसा घरी दोघी भांडत."

"भांडायला तरी वेळ मिळेल, साहेब," नणंद म्हणाली.

बुटांवर जिचं नाव असतं त्या परदेशी कंपनीची बाई दुपारी दुभाष्याला घेऊन आली. तिने तयार मालातला एक बूट उचलून वाकवला. सोल तिच्या हातात आला. दुसऱ्याचाही आला.

"हवा दमट आहे जरा," घाईसाहेब म्हणाले. दुभाष्याने ते सांगितलं. बाईने खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं.

पांढरं सोल्यूशन सावकाश वाळतं, ते लावलेला बूट वाळवायच्या भट्टीत जास्त वेळ ठेवावा लागतो. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते कुणी वापरलंच नव्हतं. बाईच्या ते लगेच लक्षात आलं. तिने दुभाष्याकरवी वहिनीला विचारलं, "हे रोज वापरता?"

वहिनीने नणंदेकडे पाहिलं.

"सांग गं वहिनी आता. झाकायला राहिलंय काय?"

"नाही वापरत," वहिनी म्हणाली. "रोजचं वेगळं असतं. त्याचा वास मला सोसत नाही."

बाई आणि कारखान्याचे मालक काचेच्या केबिनमध्ये गेले, दार लागलं. बाहेर हात चालत होते, डोळे काचेवर होते. घाईसाहेब पुन्हा पुन्हा पाणी पीत होते.

बाहेर आल्यावर दुभाष्याने मोठ्याने सांगितलं. ऑर्डर इथेच राहणार. कंपनीने मुदतच इतकी कमी दिली होती की लवकर वाळणाऱ्या सोल्यूशनशिवाय माल निघाला नसता. ती चूक कंपनीची, म्हणून मुदत वाढवली, आणि पांढऱ्या सोल्यूशनचा जादा खर्च कंपनी देणार. जुनं आजपासून बंद. पांढरं वापरायला शिकवणारा माणूस येईल, आणि गरोदर बायका या टेबलावर बसणार नाहीत. पगार तोच.

"आजपासून म्हणजे आत्ता?" वहिनीने विचारलं.

"आत्ताच. उठा," घाईसाहेब म्हणाले. त्यांचाही आवाज मोकळा झाला होता.

वहिनी नणंदेशेजारी खिडकीपाशी जाऊन बसली.

"भूक लागलीय गं. डबा काढ."

"जेवणाची सुट्टी व्हायचीय अजून."

"माहितीय."

नणंदेने घाईसाहेबांची पाठ फिरायची वाट पाहिली आणि टेबलाखाली हात घातला.