दुसरी जोडी

फोरमन निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मेहुण्याने त्यांना धरून स्पीकरच्या दुकानात नेलं. बाटल्यांची पत्र्याची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तेवढ्या वर्षांत एकच चैन त्यांनी मनाशी ठरवून ठेवली होती: नोकरी संपली की घरात बऱ्यापैकी स्पीकर आणायचे, पुस्तकांच्या फडताळावर ठेवायचे आणि खुर्चीत बसून नुसतं ऐकायचं. तरुणपणी त्यांचा एक मित्र वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या तालमींना फोरमन जाऊन बसत. पुढे लग्न झालं, पाळ्या सुरू झाल्या आणि ते सगळं राहून गेलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि गाण्याच्या बाबतीत अर्धवेडा. फोनवर त्याने महिनाभर फोरमनचं डोकं खाल्लं होतं. शेवटी बजेटात बसणाऱ्या दोन जोड्या उरल्या. एक लाकडी, जरा मोठी, खर्जाला दणदणीत. दुसरी काळी, हातभरही उंच नसलेली, पण म्हणे काचेसारखी स्वच्छ.

"भावोजी, कानाने निवडायचं. कागदावरचं काही खरं नसतं," तो जिना चढताना म्हणाला. फोरमन एक पायरी मागे होते. ते नुसते हसले.

दुकान एका झेरॉक्सवाल्याच्या वर होतं. एकच खोली, जाड पडदे, जमिनीवर गालिचा, समोर स्टँडवर दोन्ही जोड्या आणि मधोमध एक खुर्ची. मालकीणबाई साठीच्या असतील. आधी रेकॉर्डिंग स्टुडिओत होत्या. त्यांनी फोरमनना खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे बटणांपाशी उभ्या राहिल्या.

व्हायोलिन सुरू झालं. फोरमनना बरं वाटलं. सूर ओळखीचा होता, फक्त मध्ये कांबळं टाकल्यासारखा. स्वस्तातले स्पीकर, असेच असायचे, त्यांनी मनाशी म्हटलं.

"आता मागे ती बारीक घंटी येते बघा," मेहुणा त्यांच्यासमोर येऊन म्हणाला. "अहाहा! आली! कोणत्या जोडीत जास्त छान वाटते?"

फोरमनना घंटी आलीच नव्हती. त्यांनी डोळे मिटले, रसिकासारखी मान डोलावली आणि म्हणाले, "दुसरी जोडी. दुसरीत जास्त खुलतेय."

मेहुणा खो खो हसत सुटला. "अहो भावोजी, दुसरी अजून लावलीच कुठे! पहिलीच चाललीय!"

फोरमनही हसले, पण कानशिलं तापली. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेहुण्याला खालच्या टपरीवरून तीन चहा आणायला पिटाळलं, खुर्ची ओढून फोरमनच्या समोर बसल्या आणि हातातला फोन स्पीकरला जोडला.

"एक साधा सूर लावते. हळूहळू वर जाईल. ऐकू यायचा थांबला की बोट वर करा."

सूर वर चढत गेला, बारीक झाला आणि विरला. फोरमननी बोट वर केलं. बाईंनी काही क्षण वाट पाहिली.

"पुढचा कधी लावणार?" फोरमननी विचारलं.

"तोच चालू आहे अजून," बाई म्हणाल्या. फोनवरचा आकडा सरकत होता, फोरमनना तो स्पष्ट दिसत होता. खोलीत मात्र सामसूम. बाईंनी एका हाताने स्वतःचा कान झाकला. मग त्यांनी सूर बंद केला. "कसलं काम करत होतात?"

"प्रेस मशीनवर. कानात घालायला बोळे मिळायचे. पण मशीनचा आवाज बदलला की कळायला हवा ना, म्हणून मी ते खिशातच ठेवायचो." फोरमन खुर्चीत पुढे सरकले. "पण मी तर बहिरा नाही. तुमचं बोलणं कळतंय की."

"मी तुमच्या समोर बसलेय. तुम्ही माझे ओठ वाचताय. मघाशी मागून मी तुम्हाला दोनदा विचारलं, आवाज वाढवू का म्हणून. तुम्ही मानही वळवली नाहीत." बाईंचा स्वर दुखावणारा नव्हता. "वरचे आवाज आधी जातात. घंटी, पाखरं. मग बायकांचं, मुलांचं बोलणं. स्पीकर मी विकेनच, पण आधी डॉक्टरांना कान दाखवा."

जिन्यात मेहुण्याची पावलं वाजत असावीत, कारण बाईंनी दाराकडे पाहिलं.

"त्याला सांगू नका," फोरमन घाईने म्हणाले.

"नाही सांगत. मग कोणती जोडी देऊ?"

"बायकोला आवडेल ती द्या."

"त्या काय ऐकतात?"

पस्तीस वर्षांच्या संसारात बायको काय ऐकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंनी काळी छोटी जोडी खोक्यात भरली. तिच्यात माणसाचा आवाज चांगला येतो, एवढंच म्हणाल्या.

फोरमनची बायको मुलांच्या ग्रंथालयात सहायक होती. संध्याकाळी ती आली तेव्हा मेहुणा स्पीकर लावून, वायरी लपवून निघून गेला होता. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि कुणा गायिकेची गाणी लावली. भिंतीला टेकून ती उभ्यानेच ऐकत राहिली. तिचा चेहरा सैल झाला. असा चेहरा फोरमननी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"किती स्वच्छ येतंय," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. "शब्द न शब्द."

"मला शब्द येत नाहीत," फोरमन म्हणाले. मेहुण्यापासून लपवलं ते तिच्यापासून लपवता आलं नाही. दुकानातलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. बोळ्यांचं, घंटीचं, मागून विचारलेल्या प्रश्नाचं.

तिने गाणं बंद केलं आणि खाली बसली. तिने बोटांवर वर्षं मोजली.

"म्हणजे शाखेचं मी विचारलं होतं, तेव्हा?"

"कसल्या शाखेचं?"

"अकरा वर्षं झाली. नवीन शाखा उघडत होते, दोन तासांवर. मला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. आठवड्यातले पाच दिवस तिकडे राहावं लागणार होतं. तुम्ही इथे पेपर वाचत बसला होतात, दाराकडे पाठ करून. मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, जाऊ का? दोनदा विचारलं. तुम्ही पान उलटलंत."

"मी ऐकलंच नाही गं."

"मला वाटलं, ऐकून गप्प बसलात. तिसऱ्यांदा विचारायची मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नकार कळवला. माझ्या हाताखालची मुलगी गेली तिकडे."

"मी हो म्हटलं असतं."

ती रागावली असती तर फोरमनना सोपं गेलं असतं.

"त्यानंतर मी तुम्हाला काही विचारायचंच सोडलं," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं होतं का?"

आलं नव्हतं. घर शांत आहे, बायको समजूतदार आहे, असं ते कारखान्यात चारचौघांत कौतुकाने सांगत आले होते.

डॉक्टरांकडे ती बरोबर आली. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा फोरमन चाचपडले आणि तिनेच उत्तर दिलं, "अकरा वर्षं तरी." गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोन्ही कानांना यंत्रं दिली. यंत्रं लावून फोरमननी घरी व्हायोलिन ऐकलं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं ते कानात शिरलं. सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. महिना झाला, सवय झाली नाही. बोलण्यापुरती ती यंत्रं ठीक होती. भांड्यांचा, नळाचा, दाराच्या कडीचा आवाज पुन्हा घरात आला होता. व्हायोलिन तेवढं आलं नाही.

मेहुणा फोन करून विचारायचा, "काय भावोजी, खूश ना?" आणि फोरमन म्हणायचे, "झकास." खरं सांगायचं ते टाळतच राहिले.

बायको आता बोलायची ती समोर येऊन, त्यांच्या तोंडाकडे बघून. जेवायला चला. यंत्राची बॅटरी बदलली का. कामाचं तेवढं सगळं सांगायची. बिनकामाचं, सहज सुचलेलं, उत्तर नसलं तरी चालेल असं बोलायची तिची सवय मात्र मोडून गेली होती. फोरमननी दोनतीनदा तिला ग्रंथालयातलं काहीबाही विचारून पाहिलं. तिने नीट उत्तर दिलं, चौकशीच्या खिडकीवर देतात तसं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती स्पीकर लावायची. एकदा फोरमन बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ती डोळे मिटून बसली होती.

"काय लावलंयस?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. नाव त्यांना नीट कळलं नाही आणि पुन्हा विचारवेना. त्यांनी आपली खुर्ची उचलून तिच्या शेजारी आणून ठेवली आणि बसले. तिने डोळे उघडून एकदा पाहिलं. सरकली नाही, डोळे पुन्हा मिटले. ते गाणं अजून बरंच उरलं होतं.